न चावणारा जोडा

"हे पॉलिश आहे."

"पॉलिश नुसत्या पाण्यानं जात नाही. हे जातंय."

"मग नवीन प्रकारचं असेल. हल्ली सगळंच नवीन निघतंय."

"अहो, रक्त आहे हे. मोज्याच्या टाचेला रक्त आहे आणि तुम्ही मला पॉलिश शिकवताय? मी काय या धंद्यात आज आलेय?"

"मला काही लागलेलं नाही."

"दाखवा पाय."

"नाही दाखवत. माझ्या पायाला काही घासलं, चावलं आणि ते मला कळलं नाही, असं म्हणायचंय का तुला? मला?"

त्या शेवटच्या 'मला'वर त्याचा आवाज जरासा फाटला. दुसरा कुणी असता तर हा नुसता नवऱ्याचा ताठा म्हणून सोडून देता आला असता. पण या माणसाची सगळी ओळख, पोट आणि अब्रू त्याच्या पायाच्या कातडीत होती. कारखान्यात त्याला नमुना म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या पाकिटावर.

बुटांच्या त्या कारखान्याची एक रीत होती. नवा बूट आखला की त्याचा पहिला जोड शिवायचा आणि तो नमुन्याच्या पायात घालायचा. त्यानं दिवसभर तो घालून फिरायचं: जिने चढायचे, उतरायचे, उकिडवं बसायचं, ओल्या फरशीवरून चालायचं. संध्याकाळी मालकांच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून बूट काढायचे आणि जिथे जिथे चावला तिथे बाहेरून खडूनं खूण करायची. मग त्या खुणांप्रमाणे कापणारे, शिवणारे बूट सुधारायचे. खूण राहिली नाही की त्या बुटाचे शेकड्यांनी जोड निघायचे. त्याच्या होकाराशिवाय चामड्याला कात्री लागत नसे.

ही खुर्ची त्याला मिळाली ती कुरकुरीमुळे. तो आला होता गोंद लावायच्या कामावर. जुन्या मालकांनी पाहिलं, हा पोरगा रोज नव्या जोड्याबद्दल रडतो. हा इथे घासतो, त्याची शिवण लागते, याची जीभ सरकते. बाकीच्यांनी त्याला नाजूक नवरी म्हणून चिडवलं. मालकांनी मात्र त्याचं पाऊल हातात घेऊन निरखलं. माप अगदी मधलं, ना लहान ना मोठं, कातडी पातळ. ते म्हणाले होते की या पायाला अपमान लवकर लागतो, मला असाच पाय हवाय. आत दोऱ्याची गाठ केसाएवढी वर आली असली तरी तो डोळे मिटून ती कुठे आहे ते सांगायचा. मालक गेले, त्यांची मुलगी गादीवर आली. ताई हिशेबात पक्की, बोलण्यात गोड. पण खुर्चीला तिनं हात लावला नाही.

आणि अलीकडे गंमत झाली होती. बरेच महिने खडू झिजलाच नव्हता. जोड येतोय, नमुना घालतोय, संध्याकाळी मान हलवतोय. ताई खूश. साचे करणाऱ्या सुताराला वाटलं त्याचा हात बसला. शिवणाऱ्या बायकांना वाटलं त्यांचा. नमुन्याला स्वतःला वाटलं की एवढ्या वर्षांनी पाय समंजस झाला, वयाबरोबर माणूस होतो तसा. इस्पितळातल्या नर्सेससाठी केलेला पांढरा बूट तर त्याला इतका आवडला की पास केल्यावर त्यानं तो स्वतःसाठीच ठेवून घेतला. घरी येऊन सांगितलं, असा जोडा जन्मात घातला नाही. घातलाय हेच कळत नाही.

बायको त्याच कारखान्यात वरच्या चामड्याची शिलाई करायची. तिनं तेव्हा फक्त "बरंय" म्हटलं होतं.

तिनं आणखी एक गोष्ट पाहिली होती आणि तिचा उलटाच अर्थ लावला होता. जन्मभर दुकानांकडे ढुंकूनही न बघणारा हा माणूस हल्ली रस्त्यानं चालताना काचांपुढे थांबायला लागला होता. कुलपांच्या दुकानापुढे थांबे. पुढे छत्र्यांच्या. मग परकर-पोलक्यांच्या दुकानापुढेही असा खिळून उभा राही की आतली विक्रेती बाहेर येऊन काय दाखवू म्हणून विचारी. बायकोनं मैत्रिणींत सांगून हशा पिकवला होता की म्हातारपणी यांना हौस सुटलीय. हौस कसली. थोडं चाललं की पोटरी आवळून यायची, मूठ वळावी तशी. थांबलं की सुटायची. पुरुषमाणसानं रस्त्यात पोटरी धरून उभं राहायचं म्हणजे कसंतरीच, त्यापेक्षा छत्र्या बघितलेल्या बऱ्या. साखरेचा आजार होता, जुना. गोळ्या होत्या, आठवण येईल तशा घेतल्या जायच्या. साखर कुठे दुखते, असं त्याचं म्हणणं.

तर त्या सकाळी तिनं ऐकलं नाही. मोजा बादलीत टाकला, त्याला स्टुलावर बसवलं आणि पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला. टाचेच्या मागे, जिथे बुटाची कड टेकते तिथे, कातडी सोलून निघाली होती. आत लाल, कडेला पांढुरकं, ओलं. एका दिवसाची जखम नव्हती ती. तिनं बोटानं कडेला दाबलं. मग जरा जोरात दाबलं.

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. आता दुखायला हवं हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं आणि मग त्यानं "आई गं" म्हटलं. उशिरा.

तिनं पाय हळूच खाली ठेवला. भांडण तिथेच संपलं.

इस्पितळात आधी सिस्टर आली. चटपटीत, हसरी, हातात माशाच्या गळाला असतो तसला जाडसर नायलॉनचा दोरा. तिनं त्याला डोळे मिटायला सांगितले आणि दोरा तळव्याला टेकेल तेव्हा हो म्हणा म्हणाली. नमुना सावरून बसला. परीक्षा त्याच्या विषयातली होती. तो ऐटीत हो म्हणत गेला. हो. हो. हं, अंगठ्याखाली. हो. सिस्टरनं मध्येच दोरा बाजूला ठेवला, हात मांडीवर घेतले आणि नुसतं विचारलं, "आता?"

"हो," तो म्हणाला. "बाहेरच्या कडेला."

बायको छताकडे बघायला लागली.

सिस्टरनं लिहून घेतलं आणि टाच बघायला खाली वाकली. बघितलं आणि तिला हसूच आलं. "काका, तुम्हालासुद्धा हेच बूट मिळाले की काय?"

त्याला कळेना. तिनं आपला पाय थोडा पुढे केला. पांढरा बूट. त्यानं तो ओळखला. आपलं पोर गर्दीत ओळखू यावं तसा. टाचेशी कापसाचा बोळा कोंबला होता आणि मोज्याच्या वर चिकटपट्टीचं टोक दिसत होतं. अगदी तिथेच. त्याच्या जखमेच्या जागी.

"चावतो?" त्यानं विचारलं.

"चावतो? अहो, खातो. आमच्या अख्ख्या मजल्याच्या टाचा सोललेल्या आहेत. आता म्हणे आणखी मोठा माल यायचाय, सगळ्या इस्पितळाला." मग तिला वाटलं आपण पेशंटपुढे फार बोललो. "घाला तुम्ही मोजा. नाही, नको, राहू दे उघडाच. डॉक्टर बघतील."

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, बोलणं सावकाश. त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब बघितला, मग तसाच पट्टा घोट्याच्या वर बांधून तिथला बघितला. घोट्याचा आकडा दंडापेक्षा बराच वर आला. नमुन्यानं बायकोकडे असं बघितलं की जणू गणितात पहिला आला. पाय हातापेक्षा सरस निघाला होता.

"इतका चांगला मला नकोय," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी समजावलं ते असं. हा पट्टा रक्तवाहिनी बाहेरून आवळतो, आणि किती आवळल्यावर ती मिटते त्यावरून आत किती जोर आहे ते कळतं. पण ज्यांची साखर वर्षानुवर्षं चढलेली असते त्यांच्या पायातल्या मोठ्या वाहिन्यांची भिंत कधी कधी चुन्यासारखी कडक होते. ती मिटतच नाही. मग आकडा मोठा येतो आणि वाटतं, वा, काय जोर आहे. आत मात्र वाट अरुंद झालेली असू शकते. मशीन खोटं बोलत नाही. ते ज्याला विचारतंय त्याला दबल्याचं सांगता येत नाही, एवढंच.

नमुन्याची मान खाली, आपल्या पायाकडे वळली. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं.

मग डॉक्टरांनी एक चिमुकला पट्टा काढला आणि पायाच्या अंगठ्याला गुंडाळला, बाहुलीच्या कमरेला बांधावा तसा. अंगठ्यातल्या बारीक वाहिन्या सहसा तशा कडक होत नाहीत, त्या खरं सांगतात. त्यांनी खरं सांगितलं: जोर फारच कमी होता. आकडा बघून डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि खुर्ची जवळ ओढली.

"तुम्ही कारखान्यात बूट घालून तपासता ना? बुटाला आतून अस्तर असतं."

"असतं."

"रक्तवाहिनीलाही असतं. फार पातळ. पण ते जिवंत असतं. आपण चालायला लागलो, पायाला जास्त रक्त हवं झालं, रक्त जोरात धावायला लागलं, की त्या अस्तराला ते जाणवतं आणि ते भिंतीला सांगतं, सैल हो, येऊ दे. भिंत सैल होते. तुमच्या अस्तराला साखरेत बसून बसून ते जाणवेनासं झालंय. मग भिंत आवळलेलीच. त्यात चरबी साचते, वाट बारीक होते. चालताना पोटरी आवळते का?"

"नाही," नमुना म्हणाला.

"आवळते," बायको म्हणाली. छत्र्यांचं कोडं तिला त्या क्षणी सुटलं होतं. "आवळते, डॉक्टर. हे दुकानं बघतात."

डॉक्टरांना ते बरोबर कळलं. त्यांनी अशी दुकानं बघणारी माणसं पुष्कळ पाहिली असावीत. त्या म्हणाल्या की हे मोठ्या वाहिन्यांचं. लहान वाहिन्यांचं आणखी वेगळं. त्या केसाहून बारीक. त्यांच्या भिंती जाड होतात, कुठे झिरपतात, कुठे बंद पडतात. डोळ्याच्या मागे, मूत्रपिंडात आणि पायातल्या नसांपाशी. नसांना अन्न त्याच पोचवतात. एकीकडे वाढलेली साखर नसांना त्रास देते, दुसरीकडे त्यांचा शिधा तुटतो. आधी नसा उपाशी राहतात, मग मुक्या होतात.

"म्हणजे आधी अस्तराला कळेनासं झालं," तो हळू म्हणाला. "मग मला."

"बरोबर."

पाय राहील ना, हे बायकोनं विचारलं. असं सरळ, भाजी ताजी आहे ना विचारावं तसं; फक्त पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. डॉक्टर म्हणाल्या की जखम अजून वरवरची आहे, हाडापर्यंत गेलेली नाही, म्हणून आत्ता आलात ते बरं. रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवायचं, वाट कुठे बुजलीय ते बघायचं. उघडता येण्यासारखी असली तर उघडतील. साखर, रक्तदाब, चरबीची गोळी, सगळं रोजच्या रोज. डोळ्यांचा पडदाही तपासायचा. टाचेवर भार नाही. रोज संध्याकाळी पाय दुसऱ्यानं बघायचा, घालायच्या आधी बुटात हात घालून बघायचा. सिगारेट बंद.

"बंद," तो म्हणाला.

"आणि बूट घालून तपासायचं ते काम बंद."

"डॉक्टर, दुसरं काय सांगाल ते बंद करतो."

"दुसरं मी सगळं सांगून झालंय," त्या म्हणाल्या, आणि जखम बांधायला सिस्टरला हाक मारली.

परत येताना दोघं रिक्षात होती. पायात मागून उघडी, मऊ चप्पल, टाचेला जाड पट्टी. तो म्हणाला की इस्पितळाचा तो मोठा माल आज दुपारी कापायला घेणार आहेत. बायको म्हणाली, माहितीय, तिच्याच मशीनवर यायचाय. तो म्हणाला, सांगितलं तर खुर्ची गेली. ती म्हणाली, खुर्ची गेली. तो म्हणाला की मग मी कारखान्यात कोण? गोंद लावायला जाऊ? तिनं पिशवी मांडीवर नीट घेतली. वास्तविक तिच्याकडे बोलण्यासारखं भरपूर होतं, गोळ्यांबद्दल, छत्र्यांबद्दल, पॉलिशबद्दल. बरीच वर्षं संसार केलेल्या बाईला कुठलं भांडण कधी काढायचं ते कळतं.

घराच्या वळणावर रिक्षावाल्यानं विचारलं, इकडेच ना? नमुना म्हणाला, सरळ घे.

कारखान्यात कापायच्या टेबलावर पांढरं चामडं पसरलं होतं. ताई काचेच्या खोलीत फोनवर होत्या. त्याचा पाय बघून त्यांनी फोन ठेवला, उठून स्टूल पुढे केलं. काका, काय करून घेतलंत.

त्यानं उभ्यानंच सांगितलं. लांबण लावली नाही. पाय गेलाय, म्हणजे आहे, पण त्याला कळत नाही. कधीपासून ते सांगता येत नाही. नर्सेसच्या बुटाची मागची कड चावते. मी पास केला तो चुकीचा. त्याच्या आधीचे किती चुकीचे, देव जाणे. कापू नका.

ताईंना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी दार लावून घेतलं आणि हळूच सांगितलं की इस्पितळातून तक्रार आली होती. त्यांनीच परतवली. नवं चामडं आहे, रुळेल. आणि आमच्या नमुन्यानं पास केलंय, असं उत्तर दिलं होतं. एवढं म्हटलं की लोक पुढे बोलत नाहीत.

"आता बोलतील," नमुना म्हणाला.

ताईंनी काचेतून टेबलाकडे पाहिलं, बाहेर जाऊन कापणाऱ्याला थांबायला सांगितलं आणि परत आल्या. त्या काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी एका दमात मार्गही काढला होता. एक नवा जोड मागवून त्यांनी बायकोला घालायला सांगितला. पाऊल जवळपास त्याच मापाचं होतं. ती बूट घालून मशिनींच्या रांगेतून गेली, जिना उतरली, चढली. शिलाईवाल्या माना वर करून बघत राहिल्या. ती आली आणि खुर्चीत न बसता भिंतीला टेकून बूट काढू लागली.

"कुठे?" त्यानं विचारलं.

"मागची कड. आतल्या अंगाला जास्त. वाकलं की आत शिरते. आणि करंगळीपाशी काहीतरी आहे, शिवण असेल. माझीच असेल." मग ती म्हणाली, "तुमच्याइतकं बारीक नाही सांगता यायचं मला."

"हेच सांगायचं असतं."

त्यानं खडू घेऊन ती म्हणाली तिथे खूण केली. दोन खुणा.

ताईंचा चेहरा उजळला. त्या म्हणाल्या, मग झालं तर. काकूंनी मागच्या खोलीत घालून बघायचं, तुम्हाला सांगायचं, तुम्ही इथे बसून खूण करायची. पाय वर घेऊन बसा हवं तर, मऊ गादी टाकून देते. डॉक्टरांचंही मोडत नाही. बाहेर कुणाला कळायची गरज नाही. बाबांनी बसवलंय तुम्हाला इथे, मी उठवणार नाही.

वाटेत त्यानं सगळ्या उत्तरांची तयारी केली होती. ताई उठवतील, ओरडतील, पगार कापतील. त्या प्रत्येकाला त्याच्याकडे शब्द होते. कुणी उठवतच नाही म्हटल्यावर काय बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. बायको खाली वाकून आपल्या टाचेची लाली चोळत होती. तिला दुखत होतं. तिनं वर बघितलं नाही. हे त्याचं त्यालाच ठरवायचं होतं, आणि ती तेवढ्यापुरतीच दूर सरकली होती.

"इस्पितळाला मी आता फोन करते," ताई म्हणाल्या. "सांगते, नमुन्यानं पुन्हा घालून बघितला, दोन चुका काढल्या, दुरुस्त करून देतो. खूशच होतील. असंच सांगू ना, काका?"

त्यानं खडू बायकोच्या बाजूला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तो आता तिचा होता.

"काका, मी विचारतेय. तुम्ही घातला असंच सांगू ना?"

तो दार उघडून बाहेर गेला. मशिनींच्या रांगेतून, भिंतीला हात लावत, टाच उचलून सावकाश. जिन्याच्या मध्यावर पोटरी आवळली तेव्हा थांबला. तिथे बघायला कुठली काच नव्हती, नुसती भिंत होती. पोटरी सुटेपर्यंत तो तसाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि मग खाली उतरला.